आठने भागायचं राहिलं

९ ऑगस्ट १९९९, सोमवार

कऱ्हाटीहून विहीणबाई आल्या होत्या. केसरबाई, मोनालीची आई. चहा संपायच्या आत विषय काढलाच. इंदापूरला स्थळ आहे. रतन नाव, शाळेत शिक्षक, बायको गेलेली, मूल नाही.

"बुद्धघोषराव जाऊन दोन वर्सं झाली, विहीणबाई. माजी पोर तिशीची बी न्हाय. आन् तुमी तिला हितं फोनच्या डब्यात कोंडून ठिवली!"

डबा! आमच्या एसटीडी बूथला म्हणाल्या. माझा मुलगा गेल्यावर याच बूथवर हे घर उभं राहिलं. आता मोनालीने कॉम्प्युटरही बसवलाय, बाहेरची कामं घेते. म्हटलं, कोंडलेलं काही नाही, तिलाच विचारा.

मोनाली माझ्याकडे बघून म्हणाली, "आई म्हणतील तसं."

झालं! मी म्हटलं, तिचं इथे बरं चाललंय. केसरबाई डोळे पुसत एसटीला गेल्या. वाईट वाटलं. पण मोनालीशिवाय हे घर — असो.

१० ऑगस्ट

एमआयडीसीतल्या डेअरीचे आबाजी आले होते. श्रीखंडाच्या डब्यावरचं चित्र मोनालीने कॉम्प्युटरवर केलंय. सुरेख! ते परवा दुपारी बाराच्या आत पुण्याच्या छापखान्यात पोचायला हवं — फोनच्या तारेवरून, मोडेम लावून. बारानंतर छापखाना दुसरं काम घेणार.

"हे जमलं तर सगळी कामं सूनबाईंना. न्हाय जमलं तर मला पुण्याचाच मानूस बघावा लागंल, बाई."

जमणार. न जमायला काय झालं?

११ ऑगस्ट

गणित केलं. फाइल बारा मेगाबाइटची. मोडेमच्या खोक्यावर वेग लिहिलाय — सेकंदाला तेहतीस पॉइंट सहा किलो. भागलं. सहा मिनिटं!

मोनाली म्हणाली, "आई, खोक्यावर बिट आहेत. फाइल बाइटमध्ये —"

म्हटलं, एकतीस वर्षं मुलींना भौतिकशास्त्र शिकवलंय. एककं मला नको शिकवूस. तिने हातातलं मोडेमचं पुस्तक मिटून ठेवलं.

उद्या बाजार. कन्हेरीपासूनची माणसं फोनला रांग लावतात. साडेअकरापर्यंत लाइन त्यांना द्यायची, मग आपलं काम. तरी वेळ उरतोच.

१२ ऑगस्ट, गुरुवार

नाही पोचलं.

साडेअकराला सुरू केलं. सहा मिनिटांनी पाहिलं तर पडद्यावर बारा टक्के! मला वाटलं, यंत्र बिघडलं. बाहेर एक पागोटेवाले आजोबा काच ठोकत होते — "ओ बाई, सोडा की फोन! म्हशीचा सौदा झालाय, पोराला टेंपो घिऊन बोलवायचाय." म्हटलं, लाइन चालू आहे. "आतमंदी कुनी बोलंना बी, आन् लाइन चालू कशी?" रांगेतली माणसं हसली. मोनाली हसली नाही. हात मांडीवर ठेवून पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसली होती. ती एकदाही माझ्याकडे वळली नाही.

बाराला साठ टक्के. पुण्याच्या छापखान्याने लाइन तोडली. आजोबांना फोन दिला.

१३ ऑगस्ट

मोडेमचं पुस्तक शेवटी उघडलं. आठ बिटांचा एक बाइट. यात अवघड काय होतं? लहानपणी आमच्याकडे धान्य मापून देत — आठ मापट्यांची एक पायली. खोक्यावर वेग मापट्यांत, फाइल पायल्यांत, आणि मी सरळ एकाने दुसऱ्याला भागून मोकळी! आठने भागल्यावर वेग जेमतेम चार पॉइंट दोन. एकोणपन्नास मिनिटं. अकराला बसलो असतो तरी पोचलं असतं.

मोनालीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"किती वेळ लागेल तेही?"

"पाऊण तास. वर थोडा."

"अगं, मग मला थांबवलं का नाहीस? तुझं काम होतं ते!"

"तुम्ही ठरवलं होतं ना, आई."

रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तडक रिक्षा करून डेअरीत गेले. आबाजींना सांगितलं, चूक माझी, मुलीची नाही. ते म्हणाले, "चूक कुनाची का असंना, बाई, डबे तर दुसऱ्याकडं गेले." मग जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "ताकाच्या पिशवीचं काम निघंल दिवाळीला. तवा सूनबाईंनाच बोलू द्या."

१४ ऑगस्ट

भाजी खारट झाली होती. विचारलं, तर मोनाली म्हणाली, चांगली आहे! मुकाट्याने खात होती. माझ्या घासाला चव राहिली नाही. दोन वर्षांत हिने माझ्यासमोर आणखी काय काय असं गिळलं असेल?

१५ ऑगस्ट, रविवार

बूथ बंद ठेवला. मोनालीला समोर बसवलं. म्हटलं, मला काय वाटेल ते सोड, घराचं काय होईल तेही सोड. इंदापूरला जायचंय तुला? "आई म्हणतील तसं" हे उत्तर चालणार नाही.

बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक तिने सोडलं. मग मान वर केली.

"हो, आई."

उद्या पहिल्या एसटीने कऱ्हाटीला जाते. केसरबाईंना सांगणार आहे — बोलणी करायला मुलीकडून मीही बसेन.