नायिका नव्हे, स्वयंपाकीण

मदिनत सुलतान काबूस, मस्कत
४ नोव्हेंबर २०१३

चि. गजेंद्र यास ताईचे आशीर्वाद.

इथे सगळे खुशाल. केयूर आणि सूनबाई आपापल्या कामात, नात इंग्रजीत, मी स्वयंपाकघरात. केयूरच्या ऑफिसातला ड्रायव्हर रशीद आज सुट्टीवर चिपळूणला निघतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर तू मला बोलू कुठे देतोस!

तू मेलवर पाठवलेला स्मरणिकेचा कच्चा मसुदा केयूरने कागदावर छापून दिला. 'मूकपटांची शोकनायिका द्वारकाबाई' म्हणे! अरे, शोक कसला? पाच वर्षांत चौदा चित्रपट, आणि चौदाही वेळा आत्या स्वयंपाकीण. पिठाच्या पिंपात पडली, शेगडीवर बसली, बोकडाने तिचं लुगडं ओढत नेलं. थेटर हसून लोळायचं. पुढे चित्रपट बोलू लागले, कंपनीला गाणाऱ्या बाया हव्या झाल्या आणि हिचं काम संपलं.

आपली बहीण लोकांना हसवते याची बाबांना लाज वाटली, म्हणून त्यांनी तिचं नाव टाकलं. तुलाही तीच लाज. तू तिला मखरात बसवून लपवतो आहेस, एवढाच फरक. शेवटची तीन वर्षं ती रिक्षाने दहा मिनिटांवर राहत होती, एकदा तरी गेलास? आता स्मरणिकेच्या प्रकाशनाला मंत्र्याशेजारी खुर्ची मिळणार म्हटल्यावर मात्र साहेबांना गहिवर आला!

'ताई, एखादी गोड आठवण पाठव' म्हणालास ना? घे.

माझं लग्न. आत्या न बोलावता आली, चौसष्ट वर्षांची. सासूबाईंनी मला विचारलं, "या कोण?" मी म्हणाले, "आमच्याकडच्या स्वयंपाकीणबाई." आत्या दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने ऐकलं.

तिने पदर खोचला आणि जिलब्यांचं ताट उचललं. वाढता वाढता चोरून एक तोंडात टाकली, सांडलेल्या मठ्ठ्यावरून घसरली आणि धाडकन आपटली. सासरची मंडळी पोट धरून हसली. ती लंगडत उठली, तर आणखी हसली. तूही टाळ्या वाजवत होतास. बाबा मान खाली घालून जेवत राहिले. दिवसभर तिने तोंडातून शब्द काढला नाही.

लहानपणी बाबांच्या नकळत भेटायची तेव्हा ती मला सांगायची, पडताना हात टेकायचा नाही. टेकला की आपण स्वतःला वाचवतोय हे लोकांना कळतं. त्या दिवशीही तिने टेकला नाही.

निघताना सासूबाईंनी गडीमाणसांसाठी आणलेला एक खण माझ्या हाती दिला. तो मीच आत्याला दिला. मांडवाचा खांब धरून ती वाकली, खण कपाळाला लावला. मी नजर दुसरीकडे वळवली.

त्यानंतर ती काठीशिवाय कधी चालली नाही. कोणी विचारलं की मी सांगायचे, सिनेमात पडून पडून पाय गेला. तेच तू सातव्या पानावर घातलं आहेस, 'कलेसाठी पाय गमावला' म्हणून. ती थाप माझी आहे, गजू. अडतीस वर्षं मी ती खपवली.

रशीद दारात उभा आहे. "मावशी, यल्ला, चला लवकर, बॅग बंद करतोय," म्हणतो.

सातव्या पानावर लिही, पाय माझ्या लग्नात गेला. आणि हे पत्र छापायचं तर अख्खं छाप, माझ्या नावासकट. तेवढी हिंमत नसेल तर मंत्र्याशेजारी बसून खुशाल रड.

तुझी ताई, आणि स्वयंपाकीणबाईंची सख्खी भाची,
मंगला