कान चांगले निघाले तेव्हा

आबा, तुम्ही माझ्या खांद्याला हात लावायचात. उजव्या. मग मी वळून बघेपर्यंत थांबायचात, आणि मी बघितलं की मगच बोलायचात. हे सहा महिने चाललं आणि मग बंद झालं. त्या सहा महिन्यांबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय, आणि तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, म्हणून लिहायला बसलेय. हे पत्र मी याआधी तीनदा सुरू केलं होतं. एकदा वहीच हरवली, एकदा मध्येच कपाट आवरायला घेतलं, आणि तिसऱ्यांदा काय झालं ते आठवतही नाही. तुम्ही असतात तर कपाळावर हात मारून घेतला असतात.

तुमची नात नऊ वर्षांची झाली. तुम्ही तिला पाहिलं नाही, पण मला पाहिलंय, म्हणजे पाहिल्यासारखंच. पाण्याची बाटली शाळेत राहते, डबा रिक्षात राहतो, एक बूट सापडतो तर दुसरा नाही. गणिताच्या वहीत पहिली दोन उदाहरणं बरोबर, तिसरं अर्धं, चौथ्याच्या जागी मांजर काढलेलं. हाक मारली तर ढिम्म. आणि मनाला येईल ते करायला बसली की तीन तास हलायची नाही, म्हणून घरातले सगळे म्हणतात, बघा, मनात असलं की जमतं हिला. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरबाईंनी त्याला नाव दिलं, एडीएचडी. शाळेसाठी एक कागद लिहून दिला. तो कागद माझ्या कपाटात साड्यांच्या खाली पडून आहे. हिचे पप्पा रोज विचारतात, "दिलास का?" मी म्हणते, विसरले. माझ्या बाबतीत ते कुणालाही खरं वाटतं. पण मी विसरलेली नाही. मला भीती वाटते आहे आबा, आणि ती भीती तुमच्यामुळे बसलेली आहे.

आपली गुजरातेतली, उधन्याची खोली आठवा. चौऱ्याण्णवला, प्लेगच्या वर्षी, अख्खी गल्ली गावाकडे पळाली, आपणही अमळनेर गाठलं, आणि दिवाळी झाल्यावर एकेक करून सगळे परत आलो. त्याच्या पुढच्या वर्षी मी चौथीत होते. सकाळची शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन खात्यात यायची. लूमच्या कारखान्याला आपण खातंच म्हणायचो. दार ढकललं की तो आवाज छातीत शिरायचा, दातांत शिरायचा. बाकीची पोरं कानांवर हात ठेवून पळून जायची. मला तिथे बरं वाटायचं. माझ्या डोक्यात एरवी दहा जण एकदम बोलत असायचे, ते सगळे तिथे गप्प व्हायचे. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात असंच चालत असणार असं मी धरून चालले होते. तुम्ही लूमांच्या रांगेतून इकडून तिकडे फिरत असायचात, एकीकडे धागा तुटला की तिकडे, दुसरीकडे तुटला की तिथे. खात्यात कुणी तोंडाने बोलायचं नाही. ओठ आणि हात, बस्स. धागा तुटला की दोन बोटं फाकवायची, चहा आला की अंगठा ओठाला, शेठ आला की डोक्यावर टोपी चढवल्यासारखा हात. ती भाषा मी आठ दिवसांत शिकले. सातचा पाढा मात्र दोन वर्षं येत नव्हता.

मग शाळेतल्या बाईंनी तुम्हाला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "चार हाका मारल्या तरी ही मान वळवत नाही. हिचे कान तपासून घ्या." तुम्ही घरी आलात आणि जेवायला बसला नाहीत. तुमचा स्वतःचा डावा कान तेव्हा गेलेला होता, उजवाही वाटेवर होता. खात्यातल्या सगळ्यांचंच तसं होतं. तुम्ही मायला म्हणालात, "मनामुळे हिना कान गयात. रोज मना डबा लई येस ती खातामा." आणि दोष स्वतःवर घेऊन तुम्ही रडलात. मी दाराशी भिंतीचे पोपडे काढत बसले होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

दुसऱ्या कुणाच्या घरात मला मठ्ठ म्हणाले असते, आळशी म्हणाले असते. तुम्ही बहिरी ठरवलंत, कारण तुम्हाला तोच आजार ओळखीचा होता. माझं खात्यात येणं बंद झालं. मला त्याचं फार वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खातं घरी आणलंत. लांबून हाक मारणं बंद. जवळ यायचं, उजव्या खांद्याला हात लावायचा, मी बघितलं की एकच गोष्ट सांगायची, ओठ हलवून आणि हाताने. पाणी भर. ते झालं की परत खांदा. आता वही काढ. मायला तुम्ही हेच शिकवलंत. ती साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी करायची, हात डिंकाने भरलेले असायचे, ती चिडायची. "हाई काय नाटक शे?" म्हणायची, पण करायची. शाळेत बाईंनी मला पहिल्या बाकावर, त्यांच्या टेबलाला खेटून बसवलं. सातचा पाढा तुम्ही मला बोटांवर, न बोलता शिकवलात, ओट्याला टेकून उभे राहून, आणि तो आला. आठचाही आला. रॉकेल आणायला पाठवलं तर मी रॉकेल घेऊनच परत यायची. सहामाहीत मी पास झाले. माय म्हणाली की देवीला बोललेला नवस फळला. तुम्ही म्हणालात की पोरगी बहिरी असूनही हुशार आहे, आणि खात्यात पेढे वाटलेत. तसा माझा अभिमान तुम्हाला पुन्हा कधी वाटला नाही.

कानांची तपासणी मात्र पुढे पुढे जात राहिली, कधी तुम्हाला सुटी नाही, कधी दवाखान्यात नंबर लागला नाही. शेवटी गेलो तेव्हा उन्हाळा लागला होता. काचेची एक छोटी खोली होती. मला आत बसवलं, कानांवर जड वाट्या चढवल्या. तिथल्या बाई गुजराती होत्या. "अवाज संभळाय एटले हाथ ऊंचो करजे, बेटा," म्हणाल्या. तुम्ही काचेच्या पलीकडे उभे होतात, कपाळ काचेला टेकवून. पहिल्या काही आवाजांना माझा हात वर गेला नाही. बाई आत आल्या, वाट्या नीट बसवल्या, परत गेल्या. पुन्हा हात वर गेला नाही. तुम्ही खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक तोंडात कोंबलंत. तुमचे खांदे हलत होते आणि काचेवर श्वासाची वाफ धरत होती. मग माझा हात वर गेला. आणि जातच राहिला. शेवटी बाई हसत बाहेर आल्या. "काका, छोकरीना कान एकदम बराबर छे."

परतीच्या वाटेवर तुम्ही मला कुल्फी घेऊन दिलीत. बसमध्ये तुम्ही कंडक्टरला, शेजारच्या माणसाला, सगळ्यांना सांगत होतात. घराच्या गल्लीपाशी येईपर्यंत तुमचं बोलणं कमी होत गेलं. दारात तुम्ही थांबलात आणि माझ्याकडे बघितलंत. खांद्याला हात न लावता म्हणालात, "तुले ऐकाले येस. मंग ऐकत काबर नही?"

आजही त्या प्रश्नाचं साधं उत्तर द्यायला मला डॉक्टर लागली. शाळेतल्या बाईंनी रिपोर्ट वाचला आणि मला परत मागच्या बाकावर पाठवलं, पुढची जागा खरोखर गरज असलेल्यांसाठी म्हणून. मायने सुटकेचा श्वास सोडला आणि ओट्यापासून हाका मारायला लागली. आठवड्याभरात मी होते तिथे आले, उलट त्याहून वाईट. कारण आधी मी बिचारी होते, आता लबाड झाले. सातवीत असताना मायने एक साडी माझ्यावर सोपवली. मी सगळा पदर मन लावून भरला, सगळे खडे, ओळीत, एकही वाकडा नाही, उलट्या बाजूला. तुम्ही खात्यातून आलात, ती साडी बघितलीत आणि मला मारलंत. एकदाच मारलंत आयुष्यात, ते मला मान्य आहे. पण त्याच उन्हाळ्यात माझी शाळा कायमची सुटली. "तिना मनमा नही ते कसाले?" एवढंच म्हणालात. मला शाळा हवी होती आबा. ती माझ्या मनात होती. ते मनातलं हातापर्यंत येत नव्हतं, एवढंच, आणि ते तुम्हाला सांगता येईल असे शब्द तेव्हा आपल्या घरात कुणाकडेच नव्हते.

थांबा, कुकर बंद करून येते.

आले. मध्ये धुणंही वाळत घातलं. तर डॉक्टरबाई. पर्वत पाटियाच्या चौकापासून जवळच बसतात. त्यांनी एका भेटीत काही ठरवलं नाही. घरी एक आणि शाळेत एक असे लांबलचक प्रश्नांचे कागद भरून घेतले. हे लहानपणापासून आहे का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतं का, झोप कशी, घरात काही भांडणं, भीती. रक्ताच्या तपासणीत किंवा फोटोत हे दिसत नाही म्हणाल्या, म्हणून विचारावं लागतं. आणि आधी डोळे आणि कान तपासून आणा म्हणाल्या. त्या काचेच्या बाहेर या वेळी मी उभी होते, आबा. कपाळ काचेला लावून. पोरगी उड्या मारत बाहेर आली. "मम्मी, मेरे कान फर्स्ट क्लास है, आंटीने बोला." मी तिचा खांदा घट्ट धरला. तिला वाटलं मी खूश आहे.

मी डॉक्टरबाईंना पहिला प्रश्न विचारला तो तुमचा होता. "हे मोठ्या आवाजाने होतं का?" त्या म्हणाल्या, नाही. आवाजाने नाही, लाडाने नाही, माराने नाही, टीव्हीने नाही. मेंदूची घडणच तशी असते आणि बहुतेक वेळा ती वारशानेच येते. तुम्ही गेलात तेव्हाही तुमच्या मनात कुठेतरी तो डबा असणार, म्हणून हे तुम्हाला सांगते, तुमच्या खात्याने माझं काही केलं नाही. बाई पुढे बोलत होत्या. गोळी आहे, तिचा उपयोग होतो, पण वजन, भूक, झोप बघत द्यावी लागेल, आणि नुसत्या गोळीवर भागणार नाही. शाळेत पुढची जागा, कामाचे छोटे तुकडे, मध्ये उठायची मुभा. "आणि घरी लांबून हाका मारू नका," म्हणाल्या. "जवळ जा. खांद्याला हात लावा. ती बघेपर्यंत थांबा. मग एकच गोष्ट सांगा." मला हसू आलं आणि थांबेना. ते रडू आहे हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात आलं. पाण्याचा ग्लास पुढे करून म्हणाल्या, "ताई, पुढची वेळ तुमच्यासाठी घेऊ या का?" ती वेळही होऊन गेली. मलाही तेच आहे. चाळिशीत कळलं.

मला तुमचा राग येतो. तुमच्याकडे औषध होतं. कुणी शिकवलं नव्हतं, तुम्ही स्वतः शोधलं होतंत, आणि पोरगी बरी होताना डोळ्यांनी बघत होतात. रिपोर्ट चांगला आला आणि तुम्ही ते बंद केलंत. बहिऱ्या पोरीसाठी जे करावंसं वाटलं ते ऐकू येणाऱ्या पोरीसाठी का वाटलं नाही? हे मला तुम्हाला तोंडावर विचारायचं होतं. आणि रागाच्या भरात हेही सांगून टाकते, की नाव कळल्यानंतर चौथ्या दिवशी, सगळं माहीत असताना, मी स्वयंपाकघरातून ओरडले. पाचवी हाक होती. घरात आम्ही अहिराणी बोलत नाही, ती पोरीला येतही नाही. माझ्या तोंडातून तेच निघालं, "तुले ऐकाले येस ना? मंग ऐकत काबर नही?" तिला शब्द कळले नाहीत. सूर कळला. ती दारात उभी राहिली, मी तेव्हा राहिले होते तशीच.

म्हणून कागद साड्यांखाली आहे. रिपोर्ट आला की माणसं हात काढून घेतात, हे मी एकदा अनुभवलंय. पण त्या रिपोर्टात लिहिलं होतं की हिला काही झालेलं नाही. या कागदात लिहिलंय की हिला काय लागेल. उद्या शाळेत जाऊन तो तिच्या वर्गाच्या बाईंच्या हातात देणार आहे. हे लिहून ठेवलं म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. कुठेतरी जपून ठेवीन आणि कुठे ठेवलं ते विसरेन. पण एक गोष्ट तुम्हाला कधीच सांगितली नव्हती. त्या काचेच्या खोलीत मला पहिल्या आवाजापासून सगळं ऐकू येत होतं. आवाज आला की हात वर करायचा, आणि हात वर केला की तुमचा हात खांद्यावरून जाईल, हे दहा वर्षांच्या पोरीला कळलं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मग तुम्ही काचेपलीकडे रडायला लागलात, आणि मला ते बघवेना. आबा, तुम्ही जन्मभर म्हणालात की मी मुद्दाम ऐकत नाही. मुद्दाम मी तेवढं एकदाच ऐकलं नाही.