समुद्रापलीकडची लाह

सर, तुम्ही दिलेला ॲटलास अजून माझ्याकडे आहे. पुठ्ठा गेला, आफ्रिकेचं एक पान उंदरांनी खाल्लं, पण सातपुड्यात तुम्ही बॉलपेनानं दिलेला ठिपका तसाच आहे. आमचं गाव नकाशात नाही म्हणून मी रडत होते, तर ठिपका देऊन म्हणालात, "ले, आठे शे." आश्रमशाळेत तुम्ही पुस्तकातली मराठी बोलायचात, अहिराणी बाहेर यायची ती असं काही देताना, नाहीतर माझ्यावर चिडल्यावर. खडू आणायला पाठवलेली मी संध्याकाळी परत येतेय, ओंजळीत करवंदं, खडू नाहीच. तुम्ही दारात. "तुन्हा पायले भिंगरी शे का वं? ज्या कामले धाडं ते कोठे शे?" करवंदं मात्र तुम्हीच संपवलीत.

एकदा आमच्याकडे निंदणीची लाह होती. म्हणजे एकानं बोलवायचं, गावानं यायचं, मजुरी नाही, फक्त जेवण; उद्या दुसऱ्याच्या शेतात. तुम्हीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आलात आणि गवत ठेवून ज्वारीच उपटलीत. बायका हसून आडव्या झाल्या. आत्या म्हणाली, "मास्तरला जेवायला जास्त वाढा, पण उद्या माझ्या शेतात आणू नका." बाबांनी तुम्हाला नियम सांगितला, की लाहला निरोप, पैसा काही चालत नाही, माणूसच जावा लागतो. तुम्ही मला म्हणालात, "हाऊ शब्द लिखी ठेव, पुस्तकमा भेटाव नई." मी लिहून ठेवला नाही. पुढं शाळाही सुटली. तुम्ही गेलात तेव्हा मी गुजरातेत ऊसतोडीला होते. कळलं तोवर होळी होऊन गेली होती.

आता मी शहाद्याला एका संघटनेत आहे. नोकरी नाही, फिरणं आहे; जंगलजमिनीच्या दाव्यांचे कागद डोंगरातून खाली न्यायचे, खालचे वर आणायचे. मला शोभतं ते. आत्याच्या तुकड्याचा दावाही त्यातच. मधेच एका दूरच्या देशातून पत्र आलं. तिथं नदीवर धरण होतंय, गावं बुडणार आहेत, आम्हाला पाठिंबा द्या. बुडणं आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. शहाद्यात सभा ठरली. पत्रकावर छापलं होतं 'आंतरराष्ट्रीय एकजूट'. गावात मी ते वाचून दाखवलं तर कुणाला काही कळेना. मग मला तुम्ही लिहून ठेवायला सांगितलेला शब्द आठवला. म्हटलं, लाह आहे, त्या लोकांनी आपल्याला बोलावलंय. लगेच माना हलल्या. मला इतका आनंद झाला, सर, की वाटलं तुम्ही असायला हवे होतात.

सभेच्या दिवशी आत्या आणि अकरा बायका पहाटेच निघून जीपनं उतरल्या. प्रत्येकीच्या हातात विळा, फडक्यात भाकरी. मी म्हटलं, "आत्या, विळे कशाला?"

"लाह सांगितलीस ना? शेत कुठंय?"

"समुद्रापलीकडे."

"मग गाडी कधीची आहे? मला उद्या कोंबड्या कोंडायच्यात."

मांडवातले सगळे हसले, मीही हसले. जाता येणार नाही म्हटल्यावर आत्या हसली नाही. म्हणाली, "मग लाह कशाला म्हणालीस? दुसरं काहीतरी म्हणायचं." तरी दिवसभर उन्हात बसली, पाठिंब्याच्या कागदावर अंगठा दिला. त्याच दिवशी तिच्या तुकड्यावर पाहणीला ऑफिसची माणसं आली. हद्द दाखवायला कुणी नाही. जुना बांध, तिच्या सासऱ्यानं लावलेली मोहाची झाडं, सगळंच दाखवायचं राहिलं. कागदावर लिहिलं गेलं, दावेदार गैरहजर. दावा फेटाळला.

पाहणीची नोटीस आठ दिवस आधी मीच घेतली होती, रजिस्टरात सही करून. वर न्यायला निघाले होते. वर जाणारी म्हसावदची गाडी यायला वेळ होता आणि तापीकाठच्या प्रकाशा गावाची समोर उभी होती. वाटलं, पटकन जाऊ, तापीचा व्हिडिओ काढू, त्या लोकांना पाठवू, बघा, आमचीही नदी. घाटावर यात्रेकरूंशी बोलत बसले. नोटीस ॲटलासात ठेवली होती, दुमडू नये म्हणून. ॲटलासातच राहिली. व्हिडिओ पोचला, तिकडून हृदयाचं चित्रही आलं.

आत्याला वाटतं ऑफिसनं कळवलंच नाही. काल अपिलाचा कागद घेऊन आली, शेजारी बसली, म्हणाली, "तू लिही, तुझं अक्षर चांगलंय. लिही की नोटीस आलीच नाही." तिच्यापुरतं खरंच आहे ते. पण संघटनेतला वकील सांगतो, रजिस्टरात सही आहे तोवर हे टिकणार नाही. ज्यानं नोटीस घेतली त्यानं लिहून द्यावं की मी पोचवली नाही, मग पुन्हा पाहणी मागता येईल. "कुणाची सही आहे, वाचता येईना," म्हणाला. मी म्हटलं, बघते.

आत्याकडे उद्या निंदणी आहे. मला बोलावलंय, "पुस्तकवाली, तूही ये, मास्तरसारखी पिकं उपटू नको." जाईन मी. विळाही काढून ठेवलाय.

सर, जबाबाला दोन ओळी पुरतात, वकिलानं मोजून सांगितल्या. त्या लिहायलाच बसले होते. हा तोच कागद आहे.