हरीचं खडप

३ नोव्हें., सोम.
आमच्या नकाशा-ॲपच्या अंधेरीच्या ऑफिसात सरकारी नावांची यादी आली. किनाऱ्यावरची ठिकाणं, आमचा मालाडचा पट्टाही. आठवड्याभरात नकाशात बदला म्हणे. चहा पीत वाचत होते. आमचं 'हरीचं खडप', समुद्रातला तो खडक, आता 'सागरदर्शन खडक'. चहा तसाच राहिला.

हरी म्हणजे बाबा. त्यांची होडी त्या खडपावर फुटलेली सापडली, बाबा नाहीत. दहावंही तिथेच केलं. तेव्हापासून गावातली प्रत्येक होडी परत येताना तिथे एक मासा टाकते. "हरी, घे रे!" नाव कुणी ठरवून ठेवलं नाही, पडलं. नोकरीला लागल्यावर नकाशात ते मीच घातलं होतं.

४ नोव्हें.
रूपेशशी भांडले. टीम लीड झाला तरी आमचं अरेतुरेच.
"यार, सरकारी नाव आलं की तेच लावायचं. नाहीतर कंपनीला नोटीस."
"खाली बारीक अक्षरात जुनं राहू दे ना."
"जुन्या नावाला पुरावा म्हणून पाटीचा फोटो लागतो."
भर पाण्यातल्या खडकावर पाटी कोण लावतं रे?

५ नोव्हें.
संध्याकाळी मच्छीमार सोसायटीत गेले. दामूकाका म्हणाले, हरकतींची मुदत कधीच संपली. किनाऱ्यावरच्या जागा नि नावं बदलायची सरकारी नोटीस आली तेव्हा अख्ख्या गावाने हरकती दिल्या, त्या मासळी सुकवायच्या जागेसाठी. जागा वाचली. नावासाठी एकही हरकत नाही.
"नाव कोन नेतंय गो बाय? ते काय वालत घातलेलं बोंबील हाय?"
काका हसले, आणि एकदम डोळे पुसायला लागले. बाबांच्या होडीवर होते ते पूर्वी. मलाही कुठे वाटलं होतं नाव नेतील म्हणून?

८ नोव्हें., शनि.
आईला अजून सांगितलेलं नाही. बाजारातून आली की हात धुते, माझ्याकडून मोबाईलवर नकाशा उघडून घेते आणि बोट ठेवते. "ह्यो बघ, इथं." वाचता येत नाही तिला, पण ती दोन अक्षरं ओळखते. ह आणि री. तिच्या मोबाईलला नेट धड नसतं म्हणून मी नकाशा उतरवून ठेवलाय, त्यामुळे काही दिवस तरी तिला जुनंच नाव दिसेल...

११ नोव्हें.
रूपेश म्हणाला, "तू खाली चहाला जा, मी बदलतो."
नको म्हटलं. परक्याच्या हातून नको.
केलं. बटण दाबलं, झालं. मग बाथरूममध्ये जाऊन खूप रडले. बाबा गेले तेव्हा मी लहान होते, तेव्हाही एवढी रडले नव्हते.

१३ नोव्हें.
काही नाही. काम केलं. जेवण गेलं नाही.

१६ नोव्हें., रवि.
जेवताना आईने मोबाईल पुढे केला. "बाय, ह्यो सारखा कायतरी मागतंय. दाबू काय?"
नकाशा अपडेट करा, असं आलं होतं.
"नको. आज नको."
आई भात कालवत राहिली. घास काही घेईना. मग म्हणाली, "काल शेजारच्या मंदेच्या मोबाईलमदी बघितला मी. तुज्या बापसाचं नाव नाय तिथं. कुनीतरी चुकून पुसला वाटतं."
मी तिच्या भातावर आमटी घातली.
"हापिसात सांग ना गो त्यांना. तू हाय ना तिथं."
सांगते म्हटलं.