समोरच्या तालमीचं काम

आण्णा, मी साखर कारखान्यातली केमिस्टची नोकरी सोडली. आता फुटबॉलच्या मॅचचे व्हिडिओ बघतो, कोण कुठे धावला, पास कुठे तुटला याच्या नोंदी संगणकात भरतो आणि त्यातून संघाची खोड शोधतो. याला स्पोर्ट्स डेटा सायन्स म्हणतात. चाळिशी उलटल्यावर शिकलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, 'मॅच बघायचा पगार मिळतोय व्हय रं?' अजून तरी नीटसा मिळत नाही.

आधी आपल्याच तालमीत गेलो. तुम्ही इतकी वर्षं तालमीच्या फुटबॉल संघाचे कोच होता, वाटलं, मुलाला नाही म्हणणार नाहीत. सेक्रेटरींनी चहा पाजला आणि म्हणाले, "तुझं आण्णा नुसतं बघून सांगत हुतं. आकडं काय करायचं?" आठवड्याने समोरच्या तालमीतून फोन आला. होय, त्याच. मामांनी दिवाळीला आणलेला पिवळा शर्ट तुम्ही मला अंगात घालू दिला नव्हता, कारण तो त्यांच्या संघाचा रंग. मी आठवीत, शर्ट छातीशी धरून उभा, आणि तुम्ही दाढी करताकरता म्हणताय, "पेठेत र्‍हायाचं हाय न्हवं आपल्याला?" शर्ट दुसऱ्या दिवशी मामांकडे परत गेला. मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता.

पण हे माझं पहिलंच काम. नाही म्हटलं असतं तर दुसरं कोण विचारणार होतं? हो म्हणालो, आणि पहिली मॅच नेमकी आपल्याशी. व्हिडिओ लावले तर दुसऱ्याच दिवशी दिसलं. आपला लेफ्ट बॅक चढाईला जातो आणि परतायला उशीर करतो. बॅकनं मागं बसून राहायचं नाही, ही तुमचीच शिकवण. पोरं अजून पाळतात. ऊर भरून आला, खरं सांगतो. मग त्यांच्या कोचना फोन करून सांगितलं, बॉल त्याच्या पाठीमागे टाका.

मॅचला निघालो तेव्हा आई म्हणाली, "तुझं आण्णा असतं तर उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं तुला. पाण्याची बाटली घे, ऊन हाय."

मी त्यांच्या बाजूला बसलो. पलीकडून गल्लीतले सगळे माझ्याकडे बघत होते. ठरवलं होतं, काहीही होवो, हाताची घडी घालून गप्प बसायचं. तुमचा तेवढा मान राखायचा. दुसऱ्या हाफमध्ये आपला बॅक वर गेला, बॉल त्याच्या मागे पडला आणि गोल झाला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. आण्णा, मी बाकावर चढून ओरडलो. त्या क्षणी तुमची आठवणसुद्धा आली नाही. ती घरी येऊन चपला काढताना आली.