चकतीखालची हवा

कोल्हापूर,
ता. ९ डिसेंबर १९१५

प्रिय शमशुभाई,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पोस्टमन दारातून हलला नाही तोवर मी ते फोडलं, अब्बांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले आणि अर्ध्यात आल्यावर हे कळलं. पुढच्या शुक्रवारी नेसरीहून गैबी बैलगाडी घेऊन येणार, अब्बांचं वय झालं म्हणून आपलं धारेचं चाक आपल्या धंद्याला उचलून नेणार, आणि चाकाबरोबर मलाही. कारण त्याच्याशी माझा निकाह लावायचं तू आणि चाचांनी परस्पर ठरवलंय. एका गाडीत दोन नग! भाई, चाकाला विचारायची रीत नाही हे कबूल, पण मला तरी विचारायचंस. माझा नवरा प्लेगात गेला त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी माहेरी बसून काय करते, हे तुझ्या एकाही पत्रात नाही. म्हणून आता न विचारताच सांगते. शेवटपर्यंत वाच, मध्येच रागावून कागद चुरगाळू नकोस.

उन्हाळ्यात तू मुंबईहून कुरुंदाची खरखरीत भुकटी लावलेल्या विलायती कापडाच्या बारा गोल चकत्या पाठवल्या होत्यास. सोबत उपदेशही होता, की जुनं लाखेचं चाक पुरे झालं, लाकडी थाळीवर सरसानं ही चकती चिकटवा, सुताराच्या रंध्याचं पातं आरशासारखं होईल. चिकटवायची कशी ते मात्र लिहायला विसरलास. अब्बांनी थाळीला सरस थापला, वरून चकती सपाट ठेवली आणि तळव्यानं दाबली. मध्ये हवा अडकली. चण्याएवढे तीन फुगे आले. चाक फिरलं तसं पातं त्या फुग्यांवर ठेचकाळलं आणि धारेला दाते पडले. दुसऱ्या चकतीचंही तेच झालं. तिसरी ठेवताना अब्बांचा हात असा थरथरला की ती तिरकीच बसली. त्यांनी ती ओरबाडून काढली आणि उठून दारात जाऊन बसले. त्यांच्या हाताबद्दल मी तुला कधी लिहिलं नव्हतं. ते सांगतील तेवढंच लिहायचं, असा त्यांचा हुकूम असतो.

दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या करत होते. भाकरी आपण तव्यावर धपकन टाकत नाही. एक कड आधी टेकवायची आणि बाकीची हातावरून हळूहळू सोडायची, म्हणजे खाली हवा राहत नाही. हे मी वयाच्या आठव्या वर्षापासून रोज करतेय, पण त्या सकाळी हातातली भाकरी तशीच घेऊन मी चाकाकडे बघत राहिले. तव्यावरची करपली, अम्मा ओरडली. मी थाळी उन्हात तापवली, सरस अगदी पातळ केला, चकतीची एक कड टेकवली, बाकीची सोडत गेले आणि वरून लाटणं फिरवलं. अशी बसली म्हणून सांगू! आणि मग मीच घात केला. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवायची सवय. मी तसाच ओला हात चकतीवरून फिरवला. सरस सैल पडला. अम्मानं चाक फिरवायचा पट्टा ओढला, चाकानं वेग घेतला आणि चकती सुटून थेट तिच्या मांडीवर. ती हसता हसता म्हणाली, "आता उलथून भाजायची हाय का?" पुढची चकती लावताना मी हात पदराला दोनदा पुसला, आणि ती बसली. तेव्हापासून एकही सुटलेली नाही.

अब्बा तीन दिवस माझ्याकडे पाठ करून दारात बसले. धार लावणाऱ्या शिकलगाराच्या घरात बाईमाणसानं पट्टा ओढावा, पण चाकापुढं बसून धार लावलेली त्यांनी पाहिली नव्हती, आणि पाहायचीही नव्हती. पण कान कसे बंद करणार? चौथ्या दिवशी मी पटाशी टेकवली तशी ते पाठमोरेच गरजले, "दाबू नगंस. तिचं वजन तिला हाय की." मी हात हलका केला. आवाज बदलला. मग ते वळून बसले आणि तेव्हापासून रोज वळूनच बसतात. चुकले की शिव्या देतात, बरोबर आलं की गप्प राहतात.

पिराजी मिस्त्री तुला आठवत असेल, मोठ्या आवाजाचा सुतार. शाहूपुरीत एका नव्या बोर्डिंगची सागवानी बाकं करायचं काम त्याच्याकडे आहे. रंध्याची पाती घेऊन आला, चाकापुढं मला बघितलं आणि सगळी गल्ली गोळा होईल अशा आवाजात म्हणाला, "पोरी, हे भाकऱ्या थापायचं काम न्हाय!" मला हसूच आलं. मी म्हटलं, एकच पातं द्या, धार नाही लागली तर परत या उंबऱ्यावर येऊ नका. अब्बा मध्ये पडले नाहीत. मिस्त्री पातं घेऊन गेला आणि संध्याकाळी रंध्यानं काढलेली लाकडाची एक साल घेऊन परत आला. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, अख्ख्या फळीच्या लांबीची. अब्बांच्या हातात देऊन म्हणाला, "पावणं, पोरीनं इज्जत घेतली की माझी." आता तो गल्लीच्या तोंडापासूनच हाक मारत येतो, "शिकलगारीण हाय का घरात?" लोक काय म्हणतात ते मला विचारू नकोस. म्हणतात, आणि म्हणता म्हणता आपले अडकित्ते पुढं करतात.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. तुझ्याच पत्रात आहे, की दिवाळीआधी तू धारेला पाठवलेलं रंध्याचं पातं तुझ्या साहेबानं हातावरच्या केसांवर फिरवून पाहिलं आणि त्याच आठवड्यात तुला लाकूडकामाच्या कारखान्यात मिस्त्री केलं. 'अब्बांच्या हाताची धार, दुसऱ्या कुणाला जमायची नाही,' असं लिहिलंयस. भाई, अब्बांनी या उन्हाळ्यापासून चाकाला हात लावलेला नाही. त्यांच्या हातात आता पाण्याचा पेलाही राहत नाही. ती धार माझी. त्यांनीच बजावलं होतं, शमशूला कळवू नकोस, पोरगा खचेल. पण मंगळवारी तुझ्या पत्रातली ती ओळ मी त्यांना पुन्हा वाचून दाखवली. आज सकाळी म्हणाले, "लिही त्याला. या बारीला तुझ्या नावानं लिही." म्हणून लिहिते. चाक इथून हलणार नाही आणि मीही हलणार नाही. चाचांना मी कालच निरोप धाडलाय, की हाफिजाला हा निकाह कबूल नाही. गैबीला मात्र यायचं असेल तर खुशाल येऊ दे. अम्माचा खांदा हल्ली फार दुखतो, आणि मला पट्टा ओढायला माणूस हवाच आहे.

तुझीच बहीण, तुझ्या पात्याला धार लावणारी,
हाफिजा शिकलगार