फुलटोच्याचा आवाज

सावेडी, ५ नोव्हेंबर २०२४

चि. सहादेव यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तू नुसतं ‘बरं, बरं’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून शेवटी पोस्टाचं पाकीट आणवलं. लिहिताना बोटं दुखतात, त्याचं पाप तुझ्या माथी!

तुझा लेक हर्षल सांगत होता, छबू गेल्यापासून तू पाहुण्यांना पहाटे पक्षी दाखवायला नेत नाहीस, दारातूनच परत पाठवतोस. बायको गेल्याचं दुःख मोठंच, पण म्हणून जन्मभर पायाखाली घातलेल्या रानाशी नातं असं तोडू नये रे.

आणखी एक आहे. छबूच्या शेवटच्या दिवशी तू जसा वागलास, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. रागाच्या भरात लिहायला नको, म्हणून थांबते. वेळेवर जेवत जा.

तुझी अक्का

भंडारदरा, १४ नोव्हेंबर

ती. अक्कास सहादेवचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

कागदावरचं तुझं बोलणं सगळं समजलं. फोनवरचं समजत नाही, म्हणून ‘बरं, बरं’. अक्का, मला ऐकू येत नाही. आधी फुलटोच्यासारख्या पक्ष्यांचे बारीक आवाज गेले, मग माणसांचं हळू बोलणं. पहाटेच्या अंधुक उजेडात पक्षी आधी कानांना सापडतो. छबू किटली घेऊन माझ्या मागे चालायची, ती काही चहासाठी नव्हे. आवाज आला की त्या बाजूची माझी बाही ओढायची. पाहुणे म्हणायचे, मामांचे कान काय तिखट! ती पदराआड हसायची. कुणाला कळू द्यायचं नाही, हे माझंच सांगणं. हर्षललाही नाही, तुलाही नाही. ती गेल्यावर एकदा पाहुण्यांना नेलं. डोक्यावर दयाळ गात होता म्हणे, आणि मी तसाच पुढे निघालो. फार लाज वाटली. तेव्हापासून बंद.

एकच विचारतो. त्या दिवशी छबू माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. तू खाटेपलीकडे होतीस. मी नुसती मान हलवली आणि तिचा हात धरून बसलो. ती काय म्हणाली? खरं असेल ते कळव.

तुझा सहादेव

सावेडी, १९ नोव्हेंबर

चि. सहादेव यास उदंड आशीर्वाद.

पत्र वाचून खूप रडले. शनिवारच्या एसटीने मी येतेय. कानाच्या डॉक्टरचं नंतर बघू, आधी पहाटे तुझ्याबरोबर रानात येईन. चिमणीपलीकडे मला पक्षी ओळखू येत नाही, पण ऐकू चांगलं येतं. गुडघे कुरकुरतील, तेवढं सोस. पाहुण्यांना मात्र आधी खरं सांगायचं, ही माझी अट.

तू विचारलंस, तर खोटं लिहवत नाही. ती पाणी मागत होती. तू हो म्हणून मान हलवलीस आणि जागचा उठला नाहीस. केवढा दगड म्हणून मनात तुला किती बोलले! मी फुलपात्र घेऊन उठले, तर तिनं मला हातानेच बसवलं. तेव्हा तिचाही राग आला, अजून याचीच बाजू घेते म्हणून. तुला ऐकू गेलं नाही हे तिला ठाऊक होतं रे. मला ते आज कळलं. माझ्या हातून पाणी घेतलं असतं, तर तुला तुझी चूक दिसली असती. तेवढ्यासाठी ती तहानलेली गेली.

माझ्या मनातला राग पोटात घाल, माया आटू देऊ नकोस.

तुझी अक्का